विजापूरचं पावणं

विजापूरला जाऊन गोलघुमट न बघता परत आलेला माणूस शिवाजी पेठेत एकच, मौला नदाफ. त्याच्याबरोबर गेलेल्या बाळासोनं तो बघितला, वर चढून बोंब ठोकून आला. ज्ञानूनं बघितला, उतरताना गुडघे धरून आला. मौला तिथून हाकेच्या अंतरावर तीन दिवस राहिला आणि त्यानं मान वर करून घुमटाकडं पाहिलं नाही. अजूनही एखादा नवखा चिडवतो, "मौलाभाई, विजापुरात काय गाद्याच भरत बसलासा व्हय?" तेव्हा जुनी माणसं त्या नवख्याला डोळ्यांनी गप करतात. कारण मौला तिथं खरंच गादी भरत बसला होता.

नदाफ म्हणजे कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. बाप लवकर गेला आणि दुकान मौलाच्या अंगावर आलं. दिवसभर नाकातोंडावर फडकं बांधून काम, त्यामुळं बोलायची सवय कमी. समोरच्यानं चार वाक्यं बोलावीत, मौलानं फडक्याआडून एक 'व्हय' म्हणावं, असा हिशेब.

त्याच्या वाटणीचं सगळं बाळासो बोलायचा. बाळासोच्या घरी चार म्हशी आणि घशात अख्खी पेठ. तालमीचा वस्ताद शिंकला कसा, फौजदार सायकलवरून उतरताना 'ए बाजूला' कसं म्हणतो, सगळं त्याच्या नरड्यात तयार. धोंडुबाई माळवं घेऊन यायची ती "घ्या गंऽऽ बायांनो, कवळी भेंडीऽऽ" असा शेवट लांबवत. बाळासोनं भिंतीआडून तशी आरोळी दिली की बायका खरोखर परड्या घेऊन दारात यायच्या, आणि मग त्याला ज्या शिव्या बसायच्या त्यांचीही नक्कल दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर व्हायची. कुणाला राग नव्हता. उलट ज्याची नक्कल बाळासो करत नाही तो पेठेत कुणाच्या खिजगणतीत नाही, असं लोक समजायचे. धोंडुबाई तर स्वतः विचारायची, "काय रं मुडद्या, हल्ली माझी करीत न्हाईस? मेली का मी?"

तिसरा ज्ञानू कांबळे, रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. कुठली गाडी कुठं थांबते, कुठं पाणी घेते, कुठं इंजिन फिरवते, सगळं तोंडपाठ. जुन्या राजधान्या बघत फिरायचं वेड मूळ त्याचं. आदल्या वर्षी पुणं आणि औरंगाबाद झालं होतं. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत ठरलं, बादामी आणि विजापूर.

त्या वेळी पाठीवरच्या पिशव्या आपल्याकडं कुणी पाहिल्या नव्हत्या. मौलानं मिरजेच्या फलाटावर एका गोऱ्या हिप्पीच्या पाठीवर तसली पिशवी बघितली आणि तो त्याच्याभोवती फिरून फिरून शिवण बघायला लागला. हिप्पी घाबरला, त्यानं बिस्किटाचा पुडा पुढं केला. मौलानं एक बिस्कीट घेतलं आणि आणखी एक फेरी मारली. घरी येऊन गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाच्या तीन पिशव्या त्यानं शिवल्या, खांद्याच्या पट्ट्यांत कापूस भरला. तिघं त्या पाठीला लावून कोल्हापूरच्या स्टेशनात शिरले तेव्हा हमाल म्हणाला, "काय रं, गाद्या पाठीवर घिऊन झोपायला चाललाय का काय?"

मिरजेला मोठी गाडी सोडायची आणि हुबळीकडची लहान गाडी धरायची. दिवाळीची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. त्यावर बाळासोकडं उपाय होता. तो डोक्याला टॉवेलाचा फेटा गुंडाळायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि एकदम पन्नाशीचा होऊन, खेड्यातल्या मामाच्या आवाजात बोलायचा:

"पावणं, वाईच सरकून घ्या की. पोराला पोरगी बघायला न्यायलोय. उभ्यानं न्हेलं तर पोराचं त्वांड उतरंल, आणि उतरल्यालं त्वांड बघून पोरगी न्हाय म्हणंल. पाप कुणाला लागंल? तुमास्नी!"

डबा हसायचा आणि जागा व्हायची. नवऱ्याला खिडकी, मामाला मध्ये जागा, ज्ञानू कडेला. कुणी विचारलंच, कुणाच्यात पोरगी, तर बाळासो बेधडक म्हणायचा, "पाटलाच्यात." पाटील कुठल्याही गावात असतोच. नवरा आळीपाळीनं व्हायचं आणि नवऱ्यानं तोंड उघडायचं नाही, एवढाच नियम. हुबळीपर्यंत बाळासोच्या सांगण्यानुसार ज्ञानू नवरा होता. गदगला गाडी बदलली आणि पाळी मौलाची आली.

त्या डब्यात खिडकीशी एक म्हातारा बसला होता. मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, बोटांना सुईचे घट्टे. नाव इमामसाहेब. विजापुरात टांग्यांची छतं शिवायचा धंदा. बाळासोनं 'पावणं, वाईच सरकून' सुरू केलं आणि म्हातारा लगेच अंग चोरून अर्धा झाला.

"बैठो, बैठो, बैठो!" म्हातारा प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदा म्हटल्यावर खोकायचा. मौलाची पिशवी त्यानं मांडीवर घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला. "ये कौन सिया?"

नियमाप्रमाणं मौला गप्प.

"त्यानंच शिवलीया," मामा म्हणाला. "लाजतोय."

"हाथ अच्छा है. अच्छा है, अच्छा है." खोकला. "बिजापूर में किसके घर जाते?"

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव मौला हे म्हाताऱ्यानं आधीच विचारून घेतलेलं, तिथं 'पाटलाच्यात' चालेना. बाळासोच्या तोंडात पेठेतलं पहिलं आलं ते नाव गेलं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाला काकणं भरणारी एक म्हातारी बसायची, खैरुनबी.

"खैरुनबीच्यात," बाळासो ठोकून मोकळा झाला.

म्हाताऱ्याचा अंगठा शिवणीवरच थांबला. तो बाळासोकडं बघायला लागला, मग मौलाकडं, मग पुन्हा बाळासोकडं.

"खैरुनबी? मेरी अम्मा का नाम खैरुनबी." त्याचा आवाज बारीक झाला. "तुमकू... मिरज का चमन भेज्या क्या?"

चमन म्हणजे त्याचा मिरजेचा मेहुणा. आपल्या भाचीसाठी, म्हणजे म्हाताऱ्याच्या लेकीसाठी, जुलेखासाठी, कोल्हापूरकडचा मुलगा पाठवतो, आज पाठवतो, उद्या पाठवतो असं तो कधीपासून सांगत होता. हे म्हाताऱ्यानं त्याच श्वासात सांगून टाकलं. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. बाळासोच्या तोंडातून जन्मात पहिल्यांदा आवाज निघेना. ज्ञानूनं त्याच्या मांडीला चिमटा काढला, 'सांगून टाक' अशा अर्थाचा. बाळासोनं त्याचा उलटा अर्थ घेतला.

"व्हय," तो म्हणाला. "चमनभाईंनीच."

बादामीला उतरून लेणी बघायची होती. म्हाताऱ्यानं उतरूच दिलं नाही. "पत्थर क्या देखते? घर चलो, चलो, चलो." ज्ञानू बिचारा खिडकीतून बादामीची पाटी तेवढी बघत राहिला.

स्टेशनापासून घर जवळ. अंगणात टांग्याचं एक जुनं छत पसरलेलं, आत सारवलेली जमीन, मधल्या दाराला हिरवा पडदा. इमामसाहेबानं पितळी पेल्यांतून शरबत आणलं आणि पाहुणचाराचा कायदा वाचून दाखवावा तसं सांगितलं, "शरबत पीना. पीके बोलना. बोलके फिर पीना." मग खोकला. बाळासो मान डोलावत होता, पण त्याचे कान उभे राहिले होते. त्या खोकल्याच्या आधी म्हातारा किती थांबतो, हेसुद्धा त्याच्या घशानं टिपून घेतलं.

म्हातारी खैरुनबी बाजेवर बसून मौलाला न्याहाळत होती. तिनं चार प्रश्न विचारले, चारींची उत्तरं मामानं दिली. तुम्ही हिंदू, हा तुमचा भाचा कसा, असंही तिनं विचारलं. "गल्लीतला मामा," बाळासो म्हणाला. "आमच्यात गल्लीच मामाचं घर असती." तेवढ्यात पडद्याआडून एक आवाज आला, दबका, पण ऐकू जावा इतपतच दबका:

"दादी, लडका गूँगा है क्या?"

नियम मोडला. "नै जी," मौला म्हणाला. "मामा बोलने देता नै."

पडद्यामागं कुणीतरी तोंडावर पदर दाबून हसलं. दाबायला उशीर झाला होता, हसू अर्धं बाहेर येऊन गेलं होतं. मौला शरबताचा पेला हातात धरून बसला तो बसला. पीना नाही, बोलना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो आणि ज्ञानू घुमटाकडं निघाले. मौला म्हणाला, येतो मागनं. म्हातारीच्या बाजेवरची गादी त्यानं आदल्या दिवशीच हातानं चाचपली होती. सगळ्या गाठी, म्हातारीची पाठ त्यावर कशी टेकत असेल कुणास ठाऊक. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं ती अंगणात आणून उसवली, कापूस उन्हात पसरला आणि वेताच्या छडीनं झोडपायला लागला. कापूस पिंजायचं पिंजण तिथं नव्हतं. उरलेल्या गाठी बोटांनीच सोडवायला हव्या होत्या आणि एकट्यानं ते संध्याकाळपर्यंत झालं नसतं. म्हातारीनं आत बघून हाक मारली. जुलेखा आली, कापसाच्या ढिगाच्या पलीकडं बसली आणि गाठी सोडवू लागली. म्हातारी बाजेवरून दोघांवर नजर ठेवून होती, आणि मग मध्येच तिनं ती नजर मिटून घेतली.

"तुमच्यात मुलगी बघायला आलेला असंच करतो?" जुलेखानं विचारलं. बोली दखनी, मध्येच एखादा कानडी शब्द. "सासरची गादी फोडतो?"

"गाठी होत्या," मौला म्हणाला.

"गाठी तर बाबाच्या गादीत पण आहेत."

"उद्या ती घेतो."

म्हणून दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, माझ्या गादीत गाठी नाहीत, पण असतील असं समजा. त्या तीन दिवसांत मौला जितकं बोलला तितकं तो त्याआधी वर्षभरात बोलला नव्हता. काय बोलला, तर कापसाबद्दल. ओला कापूस कसा ओळखायचा, सरकी राहिली तर रात्री कानाशी कशी कुरकुरते. ती ऐकायची आणि मग असलं काही बोलायची की त्याचा हात छडीसकट वरच राहायचा. तिच्या केसांत कापूस अडकला होता. तो त्यानं काढला नाही, सांगितलंही नाही.

तिसऱ्या संध्याकाळी टांगा अड्ड्यावर त्यानं दोस्तांना सांगितलं, "मला ती पायजे."

"आरं, नाटकातला नवरा तू," बाळासो हसायला लागला. मग त्यानं मौलाचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. "खरंच का लेका?"

"खरंच."

"मग अडलंय कुठं? पोरगी हाय, पोरगं हाय, मामा हाय!"

"त्येच अडलंय. आधी खरं सांगतो. आमाला चमननं धाडलेलं न्हाय म्हणून."

"आत्ताच सांगा," ज्ञानू म्हणाला.

"खुळं का काय!" बाळासोनं दोघांना कोपऱ्यात ओढलं. "आत्ता सांगितलं तर म्हातारा चाबूक काढंल. साखर खाऊन घिऊया. निकाह हुंदे, मग मी सोता सांगतो, नक्कल करून. म्हातारा पोट धरून हसंल बघ. आमच्या वस्तादाची पयल्यांदा केलती तवा वस्तादनं शेरभर दूध पाजलंतं."

पेठेत हे खरं होतं, म्हणून मौलाला पटलं. शिवाय त्याला पटवून घ्यायचंच होतं. त्याच रात्री म्हातारीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. इमामसाहेब म्हणाला, बकरी ईद झाली की कोल्हापूरला येतो, घर बघतो, तारीख पक्की करतो. करतो, करतो. खोकला. परतताना मिरजेला चमनभाईंना निरोप पोचला होता. तो भला गृहस्थ फलाटावर हार घेऊन उभा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "मैंच भेज्या था इनकू!" खोटं असं आपोआपच पायावर उभं राहिलं. मौलानं ते ढकलून पाडलं नाही.

घरी त्यानं अम्माला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला, मग भिंतींना चुना काढला. "आधी खरं सांग," ती म्हणाली. "माझ्या सुनेला खोट्यातनं आणू नको." मौलानं ठरवलं, म्हातारा गाडीतून उतरेल तिथंच, फलाटावरच सांगायचं. कापूस पिंजताना तो फडक्याआड ते वाक्य घोकायचा: चच्चा, एक बात बोलनी थी. त्याच्यापुढचं वाक्य रोज बदलायचं.

पण मधले दिवस काढायचे कसे? त्या घरातला फोटो नाही, वस्तू नाही. त्या घरातलं कोल्हापूरला आलेलं काही असेल तर ते बाळासोच्या घशात होतं. संध्याकाळी दुकान बंद करून मौला कट्ट्यावर यायचा आणि म्हणायचा, "बाळासो, म्हातारा कर की."

आणि बाळासो करायचा. डोक्यावर रुमाल जाळीच्या टोपीसारखा ताणून, दाढी नसलेल्या हनुवटीवरून हात फिरवून, "शरबत पीना. पीके बोलना. बोलके फिर पीना." मग ते थांबणं, मग तो खोकला. इतकं हुबेहूब की मौलाला सारवणाचा वास यायचा, अंगणातलं छत दिसायचं, हिरवा पडदा हलायचा. एकदा बाळासो भरात येऊन बायकी आवाज काढायला लागला, "दादी, लडका..." तोच मौलानं त्याचं मनगट धरलं.

"तिची न्हाय."

"आरं, प्रेमानं करतोय की."

"तरीबी न्हाय."

बाळासोनं त्यानंतर कधी केली नाही. पण म्हाताऱ्याची नक्कल वाढत वाढत अर्ध्या तासाची झाली. कट्ट्यावर माणसं मावेनात. 'खैरुनबीच्यात' म्हटल्यावर म्हाताऱ्याचं तोंड कसं झालं, 'चमन भेज्या क्या' म्हणताना डोळे कसे भरले, सगळं. काकणवाली खैरुनबीसुद्धा येऊन बसायची आणि आपल्या नावाला पदर तोंडाला लावून हसायची.

ईद झाली. निरोप आला, इमामसाहेब सोमवारी येतात. रविवारी संध्याकाळी मौला कट्ट्यावर आला. उद्या फलाटावर ते घोकलेलं वाक्य म्हणायचं होतं. त्याला धीर हवा होता.

"बाळासो," तो म्हणाला, "एकदा कर. उद्या खरा येणार हाय."

बाळासोनं त्या दिवशी जी केली तशी कधीच केली नव्हती. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मौला स्वतः डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होता, आणि हसता हसता ओरडला, "रडल्यालं कर, रडल्यालं! चमन भेज्या क्या, ते परत कर!"

नक्कल सुरू झाली तेव्हाच गर्दीच्या मागं एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. हातात फडक्यात बांधलेला डबा. विजापुरात त्याच्या अम्माला दम निघेना म्हणून तो एक दिवस आधीच निघाला होता. त्यानं पुढच्या माणसाला विचारलं, नदाफांचं दुकान कुठं. त्या माणसानं मागं वळूनही पाहिलं नाही. हसू आवरत सरकून जागा केली आणि म्हणाला, "बसा की पावणं. एवढी नक्कल बघा, मग सांगतो."

इमामसाहेब बसला. त्यानं सगळं ऐकलं. गाडीतली युक्ती, मामाचा फेटा, 'पाटलाच्यात', 'खैरुनबीच्यात'. आपला थरथरणारा आवाज त्यानं दुसऱ्याच्या तोंडून दोनदा ऐकला, एकदा आपसूक आणि एकदा मौलाच्या फर्माइशीवरून. शेवटी बाळासो खोकला आणि त्याच्या पाठोपाठ गर्दीत मागं खरा खोकला आला.

माणसं मागं वळली आणि पुन्हा हसायला लागली. त्यांना वाटलं, कुणीतरी साथ देतंय. मौलानं मात्र बघितलं. त्याच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. हसणाऱ्या तोंडाला मिटायला जरा वेळ लागतो. म्हाताऱ्यानं त्याला बघितलं ते तसंच, हसताना.

"मामू," इमामसाहेब म्हणाला, "आवाज बराबर है. खाँसी मेरी जरा और लंबी है."

बाळासो कट्ट्यावरून खाली उतरला आणि त्याच्या पायांवर पडला. म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले नाहीत, हात धरून त्याला उठवलं. त्याचा राग बाळासोवर नव्हताच. मौला पुढं आला. घोकलेलं वाक्य आलं, "चच्चा, एक बात बोलनी थी..."

"सुन लिया मैं," इमामसाहेब म्हणाला. या वेळी एकदाच म्हणाला.

बसताना शेजारी ठेवलेला डबा त्यानं परत उचलला आणि तो वळला. वाटेत मौलाचं घर लागलं. अम्मा नव्या चुन्याच्या भिंतीला टेकून दारात उभी होती, तिला कुणीतरी आधीच धावत येऊन सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं तिला सलाम केला. "घर अच्छा है, बहन," म्हणाला, आणि स्टेशनाची वाट धरली. मौला मागून चालत गेला. फलाटावर दोघं एकाच बाकावर बसले आणि मौलानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. जागेसाठी केलेली थट्टा, साखर, अम्मानं काय सांगितलं, उद्या इथंच फलाटावर सांगणार होतो हेही. नक्कल का करायला लावायचो तेही सांगितलं, 'तुमची आठवण यायची' एवढ्याच शब्दांत. फडक्याशिवाय, न थांबता बोलला.

म्हातारा गाडी येईपर्यंत ऐकत होता.

"मेरी अम्मा रोज उस गादी पे सोती और तेरेकू दुआ देती," तो शेवटी म्हणाला. "मैं गाडी में रोया था, बेटा. खुशी से रोया था. तू उसी पे हंस्या." डब्यात चढल्यावर त्यानं दारातून मागं बघितलं. "सच बोलना था तो बिजापूर में बोलता. इत्ता दूर बुलाया मेरेकू, सुनने को?"

पुढच्या आठवड्यात मौला विजापूरला गेला. बाळासो न विचारता बरोबर आला. गाडीत दोघं पार गदगपर्यंत उभे होते.

इमामसाहेब अंगणात छत शिवत होता. त्यानं वर पाहिलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. बाळासो अंगणाच्या कडेला चपला हातात घेऊन उभा राहिला. बाजेवरच्या म्हातारीनं मौलाला बस म्हटलं आणि पाणी दिलं, साधं पाणी. ती रडत होती. तिच्या मुलाचा शब्द तिच्या हातात नव्हता. मौलानं माफी मागितली. ती माफी भिंतीला, बाजेला, सुईच्या सूं-सूं आवाजाला लागून तिथंच पडून राहिली.

तो उठला तेव्हा पडद्याआडून आवाज आला.

"मेरी भी करते थे क्या?"

"नै," मौला म्हणाला.

"क्यूँ?"

"मैं करने नै दिया."

बाहेर सुई थांबली होती.

"मतलब, इत्ते दिन मेरा आवाज सुनेच नै तुम."

"नै."

"अब सुन लिए ना," जुलेखा म्हणाली. आवाज पडद्याच्या अगदी जवळ होता, हात लांब केला असता तर लागला असता. "जाओ."

सुई पुन्हा चालू झाली. मौला अंगणातून बाहेर आला.

स्टेशनावर बाळासो म्हणाला, "मला शिव्या घाल. मार तरी. कायतरी कर मर्दा."

"तुला का मारू?" मौला म्हणाला. "परत कर म्हणून मी वरडलो. तू तर आपला मी सांगितलं ते केलंस." आणि मग गाडी येईपर्यंत त्यानंच बाळासोच्या पाठीवर हात ठेवला होता, कारण बाळासो हमसून हमसून रडत होता, कुणासारखा नाही, असा.

त्या उन्हाळ्यात जुलेखाचं लग्न इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरला झालं. मुलगा यंत्रमागावर कामाला, चांगला. चमनभाईंनीच जमवलं. बाळासोनं नकला सोडल्या नाहीत, पेठेनं सोडू दिल्या नाहीत, पण म्हातारा त्यानं पुन्हा केला नाही. मौलाचंही पुढं लग्न झालं, पेठ वडगावची शमशाद. संसार नीट आहे, दोन मुली आहेत. आता ब्याऐंशी साल चालू आहे आणि दुकानात स्वस्तातल्या गाद्यांसाठी मागावरच्या सुताचा कचरा भरतात. तो आणायला मौलाला महिन्या-दोन महिन्याला इचलकरंजीला जावं लागतं, आणि कचरा चांगला मिळतो तो कबनूरच्या एका गल्लीत.

जुलेखा तिथं कुठल्या घरात आहे हे त्याला माहीत नाही. त्यानं कुणाला विचारलेलं नाही. गल्लीत दोन्ही बाजूंनी माग चालू असतात, खडखड इतकी की पोती भरणारा माणूस त्याच्या तोंडाशी येऊन ओरडतो तरी मौलाला हातवारे बघूनच समजून घ्यावं लागतं. कुठल्याशा दारात बायका बोलत उभ्या असतात. त्यांचे ओठ हलताना दिसतात, मध्येच कुणीतरी हसतं. मौला पोतं खांद्यावर घेतो आणि जरा उभा राहतो. त्याच्या कानात फक्त माग वाजत असतात.